उशीतला रस्ता

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. दिवाळी उलटून गेली होती. कापलेलं धान बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, पसरलेलं, आणि जो तो वर बघून म्हणत होता, आता नको रे बाप्पा, थोडे दिवस थांब. वैनगंगेकडून ओलसर वारा सुटला होता. असा वारा धानवाल्याला जेवढा वाईट तेवढाच पिंजाऱ्यालाही वाईट. रुईला ओल लागली की ती फुगत नाही. मशीनमध्ये टाका, जशी गेली तशी गोळे होऊन बाहेर पडते.

मोबाइलच्या बत्त्या विझवा, पोरांनो. लाईट यायची तेव्हा येईल. ही गोष्ट ऐकायला उजेड लागत नाही. आणि ज्याची आहे तो माणूस सावली गावात बसस्टँडच्या मागे राहायचा, त्याच्या हातच्या गाद्यांवर अजून लोक निजतात, त्यामुळे खोटं सांगायची सोय नाही.

तर त्या ओल्या दिवशी संध्याकाळी इनायतभाऊ दुकान आवरत होता. गाद्या-रजया भरणारा माणूस. पुढे दुकान, मागे राहायची एक खोली. बायको नूरी अल्लाला प्यारी झालेली, मुलगी नाजिया चंद्रपूरला नर्सिंग शिकायला. खोलीची एक भिंत कुडाची, आणि भिंतीपलीकडे इसरू पंक्चरवाल्याचं बिऱ्हाड. भिंत एवढी पातळ की इकडे इनायतभाऊ खोकला तर तिकडून इसरूचा आवाज यायचा, "पानी प्या, भाऊ!" आणि इनायतभाऊचं घोरणं तर साऱ्या गल्लीला माहीत. रोज सकाळी इसरू चाक खोलता खोलता विचारायचा, "भाऊ, तुमी पिंजन मशीन चालू ठेवूनच निजता का जी?"

इनायतभाऊ नुसता हसायचा. बोलायला कमी, हसायला पुरेसा, असा माणूस.

दुकान आवरता आवरता एक ऑटो येऊन थांबला. त्यातून एक बाई उतरली, वयस्क, हाडकुळी, डोक्यावरून पदर. ठमाबाई तिचं नाव, नदीकडच्या रस्त्यावरच्या गावची. ऑटोवाल्यानं तिची गुंडाळलेली गादी आणून ओट्यावर टाकली.

"भाऊ, येवढी पिंजून द्या जी. लय चपटी झाली."

"ठेवा बाई. ऊन पडलं का करून देतो."

बाई थोडी घुटमळली. काही सांगायचं असल्यासारखी उभी राहिली. इनायतभाऊनं फडकं झटकलं, जांभई दिली. बाई निघून गेली.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. पिंजाऱ्याची एक रीत असते. जुनी गादी उसवण्याआधी विचारायचं, 'मयताची तर नाई न?' इनायतभाऊच्या बापानं त्याला पिंजण हातात द्यायच्या आधी हे विचारणं शिकवलं होतं. मयताची असली तरी काम नाकारायचं नाही. पण तिची रुई वेगळी पिंजायची, वेगळी भरायची, आणि खाली उरलेली मूठभरसुद्धा आपल्या रुईत जाऊ द्यायची नाही. जन्मभर इनायतभाऊनं हे विचारलं. त्या संध्याकाळी विचारलं नाही. लग्नसराईच्या रजया अंगावर आल्या होत्या, पाठ मोडून आली होती. दमलेला माणूस काय विसरेल याचा नेम नसतो.

मग ऊन पडलं. त्यानं गादी उसवली. डोक्याकडची रुई तेलानं काळपट झालेली, कोण्या पुरुषमाणसाच्या डोक्याची. पिंजली, भरली, टाके घातले. ठमाबाईचा ऑटो येऊन गादी घेऊन गेला. भरून उरलेली रुई पिंजाऱ्याची, असा व्यवहारच आहे. इनायतभाऊची स्वतःची उशी भाकरीसारखी झाली होती. त्यानं ती उरलेली रुई तिच्यात कोंबली आणि वर टाका घातला.

त्या रात्री तो मऊ उशीवर निजला, आणि चालायला लागला.

रस्ता डांबराचा, कडेला तुटलेला. डाव्या हाताला धानाच्या बांध्या, उजव्या हाताला जंगल. खांद्यावर पिशवी. काळोख, वर नुसत्या चांदण्या. तो चालत होता, चालत होता. पायाच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. कुठे चाललो, कशाला चाललो, काही ठाऊक नाही, फक्त पोहोचायचं आहे एवढं माहीत. पुढे एक रपटा आला, नाल्यावरचा ठेंगणा पूल, आणि रपट्यापाशी मोहाचं मोठं झाड. झाडाजवळ पोहोचला आणि जाग आली. बाहेर कोंबडा आरवत होता. आणि पाय खरेच दुखत होते.

दुसऱ्या रात्री तोच रस्ता. तिसऱ्या रात्रीही तोच. माणूस निजतो आराम करायला. इनायतभाऊ निजायचा आणि रातभर चालून उठायचा. डोळ्यांखाली काळं आलं. भाकर तोंडाशी नेता नेता हात थांबायचा. एका दुपारी पिंजण मशीनवर त्याला डुलकी लागली, आणि सदऱ्याची बाही दातेरी रुळानं ओढली. इसरू हवा भरत होता, त्यानं धावत येऊन वायर उपटली. बाही फाटली. हात वाचला, पण वीतभर अंतरानं.

इसरूनं त्याला पाणी पाजलं. त्या दिवशी थट्टा केली नाही. जरा वेळानं म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? तुमी राती निजता न? कारन तुमचं घोरनं आयकू येत नाई हल्ली. घोरनं तं घोरनं, श्वाससुदिक आयकू येत नाई. परवा मी भिंतीले कान लावून बसलो होतो. म्हनलं, भाऊ जित्ता आहे का नाई…"

इनायतभाऊ हसला नाही.

रविवारी नाजिया आली. बापाचं तोंड बघून घाबरली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अब्बा, याच्यावर एक उपाय आहे. सपनातल्या सपनात जागं व्हाचं."

"सपनात कसं जागं होईन बेटी? जाग आली का सपन संपते."

"नाई न. आंग निजलेलं राहाते, पन आपल्याले कळते का हे सपन आहे. मंग सपन आपल्या हाती येते. थांबाचं तं थांबाचं, उडाचं तं उडाचं. आमच्या हॉस्टेलवरची रश्मी करते. मोबाइलवर पाहून शिकली. तिले परीक्षेचं लय भेव वाटे, रोज सपनात पेपर कोरा राहे. आता म्हन्ते, सपनात पेपर फाडून फेकते आन् नदीवर जाते."

"मस्त आहे तुमची रश्मी."

"आयका तं खरं." आणि तिनं बापाला शिकवलं, जसं लहान पोराला नमाजाआधीचं वजू शिकवतात तसं. दिवसा, काम करता करता, अधूनमधून थांबायचं आणि मनाशी विचारायचं: मी आत्ता निजलो तं नाई? विचारून सोडून द्यायचं नाही, तपासायचं. हाताची बोटं मोजायची. सपनात बोटं कमी-जास्त होतात. नाहीतर नाक चिमटीत दाबायचं आणि श्वास घेऊन बघायचा. जागेपणी नाक दाबलं की श्वास अडतो, सपनात दाबलेल्या नाकातूनही श्वास चालतो. दिवसा सवय लागली की तीच सवय सपनात उमटते. निजताना म्हणायचं, आज मी ओळखणार. पहाटेच्या आधी एकदा उठायचं, पाणी प्यायचं, थोडं बसायचं, मग परत निजायचं; त्या दुसऱ्या झोपेत सपन हाती लागतं. सपनात जागं झालो आणि ते विरायला लागलं तर दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे. आणि उठल्या उठल्या, कूस न बदलता, सपन लिहून ठेवायचं.

"लिहता कुठी येते मले?"

"मंग मले फोन करून सांगजा. मी उठतोच अभ्यासाले."

इनायतभाऊला नाक दाबणं सोपं गेलं. रुईच्या कामात जन्मभर तोंडाला फडकं, नाकाशी हात. तो रजईला टाके घालता घालता थांबायचा, बोटं मोजायचा, नाक दाबायचा. गिऱ्हाईक बघत राहायचं. इसरूला तर आयताच विषय मिळाला. "काय भाऊ, रोज मोजता, चोरीले गेलं का एखादं? दूध आनाले गेले तं घेऊन जा संग, इथी ठेवू नका." दुसऱ्या दिवशी, "नाक काऊन दाबता जी? मी आंघोळ केली आज."

तर असं. पंधरवडा गेला असेल. रोज पहाटे फोनवर, "चाललो बेटी. मोहाच्या झाडापर्यंत." नाजिया म्हणायची, "अब्बा, घाई करू नका. ते एकदम होते."

आणि एका रात्री झालं.

चालता चालता त्याचा हात सवयीनं वर आला. त्यानं चांदण्यांच्या उजेडात बोटं मोजली. उजवा हात. अंगठा, त्याच्या शेजारी एक, त्याच्या शेजारी एक, आणि करंगळी. मधलं एक नव्हतंच. त्याच्या जागी जुनी, बुजलेली, गुळगुळीत चामडी.

त्यानं नाक दाबलं. श्वास सुरळीत चालत होता.

हे सपन आहे, इनायतभाऊ म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. आणि जगात सगळं एकाएकी लख्ख झालं. काय सांगावं ते! काळोख तोच, पण त्यातला धानाचा एकेक खुंट दिसायला लागला. ओल्या मातीचा वास आला. रातकिडे असे वाजायला लागले की जसे कानात बसलेत. सपन काठावर विरायला लागलं तसे त्यानं तळवे घासले, आणि ते परत घट्ट झालं. त्याला इतका आनंद झाला की तो रस्त्यातच हसला. नूरी गेल्यापासून असा हसला नव्हता.

मग त्यानं मागे फिरायचं ठरवलं. सपन आपलं आहे ना? तर चला घरी.

पाय फिरले नाहीत.

डोकं वळत होतं, हात हलत होते. पाय मात्र पुढेच जात होते, जसे दुसऱ्याचे.

पहाटे त्यानं फोन केला. नाजिया खुश झाली. बोटाचं ऐकून म्हणाली, "तेच तं सांगतलं मी, कमी-जास्त होतात." आणि पाय फिरत नाहीत म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाली, "मंग फिरू नका. बसा. सपनात बसून घ्या अब्बा, तेवढाच आराम होईन."

बरोबरच होतं तिचं. कोणालाही बरोबरच वाटलं असतं.

दुसऱ्या रात्री तो मोहाच्या झाडाशी आला, बोटं मोजली, ओळखलं, आणि बुंध्याशी बसला. पिशवी बाजूला ठेवली. पाठ टेकवली. आहाहा… किती दिवसांनी! पायातून थकवा असा खाली गेला जसं फुटक्या घड्यातलं पाणी. डोळे जड झाले. सपनातच झोप येत होती. गोड झोप. त्यानं सवयीनं नाक दाबलं.

श्वास आला नाही.

त्यानं बोटं सोडली.

तरी श्वास आला नाही.

छातीवर कोणी गादी ठेवल्यासारखं. एक गादी. मग दुसरी. उठायचं होतं. उठता येत नव्हतं. वर मोहाची पानं… पानांमधून चांदण्या… एकेक विझत होती.

धाड धाड आवाज आला. इसरू भिंत बडवत होता. "भाऊ! ओ भाऊ! काय होऊन राह्यलं?" इनायतभाऊ खाली जमिनीवर पडलेला, तोंड उघडं, नखं निळी. खूप वेळानं पहिला श्वास आत गेला, आणि तो इतक्या जोरात गेला की इसरू पलीकडून म्हणाला, "या अल्ला." इसरू काही मुसलमान नव्हता, पण त्या वेळी तेच तोंडात आलं.

उजाडल्यावर इनायतभाऊनं आपली लुना काढली. रस्ता त्याच्या ओळखीचा होता. सावलीहून नदीकडे जाणारा तोच. दिवसाढवळ्या बघावं, रपटा आहे का, झाड आहे का. नसलं तर बरं, असं मनात घोकत गेला.

रपटा होता. झाड होतं.

झाडाच्या मुळाशी एक स्टीलचा गिलास, आणि त्यातलं कालचं पाणी ओतून बाटलीतलं ताजं पाणी भरणारी एक बाई. तिनं मान वर केली. ठमाबाई.

"तुमी का जी इकडं, गादीवाले भाऊ?"

इनायतभाऊनं गिलासाकडे बोट दाखवलं.

"आमी मानत नाई जी असलं," ती जराशी ओशाळून म्हणाली. "बाबासायबांनी सोडवलं आमाले त्याच्यातून. पोरं रागावतात. पन पानी ठेवाले काय जाते? तहान लागली असन त्याले, म्हनून ठेवतो."

"कोनाले?"

"आमच्या घरच्याले. कोलू म्हनत त्याले. बल्लारपूरले लाकडं कापाच्या आरा मशीनवर होता. शनवारी राती गाडीनं सावलीपर्यंत येचा, आन् तिथून पायी. राती कोन ऑटो आनते इकडं? त्या शनवारी डबल पाळी करून निंगाला होता. सकाळी इथी सापडला." तिनं बुंध्याला हात लावला. "बसलेलाच होता. दमलो म्हनून बसला असन… उठलाच नाई. गाव इथून दिसते, पाहा न."

गाव दिसत होतं. कवेलूची घरं, एकाच्या वर पाण्याची टाकी.

इनायतभाऊनं विचारलं, "फोटो आहे?"

तिनं मोबाइल काढला, बोटानं सरकवत सरकवत फोटो दाखवला. खुर्चीवर बसलेला माणूस, नवा सदरा, फोटोसाठी अवघडलेला. उजवा हात गुडघ्यावर. अंगठा, एक बोट, एक बोट, करंगळी.

"आरा मशीननं घेतलं ते," ठमाबाई म्हणाली.

"बाई…" इनायतभाऊ तिथंच खाली बसायला गेला, आणि चटकन उभा राहिला. "बाई, ते गादी त्याची होती?"

"हाव जी. मले वाटलं तुमी इचारसान तं सांगीन. तुमी इचारलंच नाई."

"त्याच्यातली थोडी रुई माह्यापाशी राह्यली. आनून देतो."

तिनं अगदी हळू विचारलं, "तुमच्या सपनात येते का जी तो?"

खोटं बोलायचं इनायतभाऊच्या जिवावर आलं. खरंही बोलवेना. त्यानं मान खाली घातली. बाईला समजलं.

"माह्या येत नाई," ती म्हणाली. "त्याच्याच गादीवर निजतो मी, तरी येत नाई. काय करून राह्यला तो?"

"चालते, बाई. नुसता चालते."

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. डोळे पुसले नाहीत, तोंडच झाकलं. आणि मग जे म्हणाली ते इनायतभाऊ कधी विसरला नाही.

"त्याले म्हना, घरी नाई आला तरी चालन. जिथी असन तिथी निज म्हना. पाय दुखत असतीन त्याचे. जलमभर कोनी त्याले निज म्हनलंच नाई, मीबी नाई म्हनलं. शनवारी आला का मी म्हनो, किराना आन, कवेलू फेर… रुई राहू द्या तुमच्यापाशी."

त्या दिवशी शनिवारच होता.

फोनवर नाजिया रडकुंडीला आली. "अब्बा, फेका ते उशी! आत्ताच्या आत्ता फेका. काल श्वास बंद झाला होता तुमचा."

"निजाची जागा फेकत नाईत, बेटी," इनायतभाऊ म्हणाला. "चूक माही आहे. मी इचारलं नाई. मलेच नीट करू दे."

संध्याकाळी त्यानं आपली उशी उसवली. वरवर घातलेली कोलूची रुई हातानं वेगळी काढली. जन्म त्यात गेलेला, कोणती कोणाची ते बोटांना कळत होतं. शेवटचा तंतूसुद्धा वेचून घेतला. मशीन लावलं नाही. बापाची जुनी, धनुष्यासारखी तात लावलेली पिंजण खुंटीवरून काढली आणि तिच्यावर ती एवढीशी रुई धुनकली. टँव… टँव… त्या आवाजानं इसरूची बायको कांता बाहेर येऊन बघून गेली. त्यानं नव्या कापडाची खोळ शिवली, उशी भरली, टाका घातला. मग जमिनीवर आपल्या गादीशेजारी दुसरी गादी अंथरली, दुकानातली, चांगली. चादर घातली. डोक्याशी ती उशी. पायाशी रजई. पाहुण्याला घालतात तसं.

आपल्या चपट्या उशीवर डोकं टेकवलं. म्हणाला, आज मी ओळखणार.

चंद्र नव्हता त्या रात्री. बाहेर कुत्रंही नव्हतं.

तो रस्त्यावर होता.

बोटं मोजली. पाच. परत मोजली. पाचच. म्हणजे हा आपला हात. म्हणजे मी जागा? त्यानं नाक दाबलं. श्वास आला. नाही. सपन आहे.

पण मग ते चार बोटांचं…

मागे पावलं वाजली.

तो थांबला. पावलं थांबली.

तो चालला. पावलं आली. ओढत ओढत. दमलेली.

त्यानं मागे बघितलं नाही. रपटा आला. मोहाचं झाड आलं. आणि झाडाच्या पुढे… काही नव्हतं. गाव नाही. टाकी नाही. रस्ताच नाही. उसवलेल्या खोळीत हात घालावा आणि आत रुई नसावी, तसा नुसता काळोख.

खांद्यावर हात पडला.

जड. थंड. अंगठा मानेशी. पुढे एक बोट. एक बोट. मध्ये जागा. करंगळी.

"बसू न भाऊ…"

आवाज अगदी कानाशी. घाबरवणारा नव्हता, पोरांनो. तेच तर. थकलेला होता.

"थोडसा… बसू…"

इनायतभाऊचे पाय वाकले. बुंधा हातभर अंतरावर. मऊ वाटत होता. गादीसारखा. श्वास बारीक झाला. चांदणी विझली. अजून एक.

त्यानं तळवे घासले. जोरात घासले.

"इथी नाई," तो म्हणाला. "इथी बसाचं नाई."

हात अजून जड झाला.

"अंथरून घातलं आहे. माह्या घरी. चाल."

पावलं जागची हलली नाहीत.

"ठमाबाईनं सांगतलं. निज म्हनलं तिनं."

खांद्यावरचा हात… हलला. उचलला नाही. नुसता हलला.

मग इनायतभाऊनं ते केलं जे आधी जमलं नव्हतं. मागे फिरला. आज पाय त्याचेच होते. पाय फिरले. डोळे मात्र त्यानं मिटून घेतले, कारण समोर कोण उभं असेल ते बघायची त्याची हिंमत नव्हती. डोळे मिटून चालला. खांद्यावर हात. शेजारी पावलं. त्याच्या पावलांबरोबर… बरोबर… एकच लय.

डांबर. माती. ओटा. दाराची कडी. रुईचा वास.

तो आडवा झाला. शेजारी कोणी आडवं झालं. चादर सरकली.

आणि मग काहीच नाही. रस्ता नाही, चांदण्या नाहीत, सपनच नाही.

जाग आली तेव्हा ऊन दाराच्या फटीतून आत येऊन भिंतीवर चढलं होतं. रविवारचा बाजार सुरू झाल्याचा गलका येत होता. इनायतभाऊ तसाच पडून राहिला. बोटं मोजली, पाच. नाक दाबलं, श्वास अडला. पाय दुखत नव्हते. पहिल्यांदा दुखत नव्हते.

त्यानं मान वळवून शेजारी बघितलं. दुसरी गादी जशी घातली तशीच. चादरीला एक सुरकुती नाही. उशी फुगलेली, मध्ये खळगासुद्धा नाही. आपणच आपल्या मनाला समजावलं, झालं, असं त्याला वाटलं. बरंही वाटलं आणि कुठे तरी वाईटही वाटलं. ठमाबाईला काय सांगणार होता तो? त्यानं रजईची घडी केली, उशी उचलून फळीवर वेगळी ठेवली, आणि तोंड धुवायला बाहेर आला.

इसरू नळावर बालटी लावून बसला होता. डोळे लाल. इनायतभाऊला बघून त्यानं हात जोडले.

"निजले बा एकदाचे! लय बरं वाटलं भाऊ तुमचं घोरनं आयकून. पन आमाले डोळा लागू देल्ला नाई तुमी दोघांनी. कोन पाव्हना आला होता जी? तुमच्याहून त्याचंच घोरनं जास्ती. लय दमून आला असन बिचारा."